पांढऱ्यावर पांढरं

दर उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर गल्लीतली मुलं शिवण शिकायला येतात. फी नाही, पाटी नाही. सकाळी सातला यायचं आणि ऊन गेटच्या आत आलं की उठायचं, एवढाच नियम. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत ते साडेनऊच्या सुमारास आत येतं. या वर्षी पाच मुलं होती. त्यातल्या तिघांना फक्त मोबाइलची पिशवी शिवायची होती. ती शिवून झाली आणि तिघंही दिसेनाशी झाली. राहिल्या दोघी, काजल आणि मयुरा.

काजल समोरच्या घरातली, बारा वर्षांची. तिच्या हातापेक्षा तोंड जास्त चालतं. मयुरा मागच्या गल्लीतली, तिच्याहून वर्षानं लहान. तिची आई प्रीती कळमेश्वरच्या एका कंपनीत कामाला आहे. कंपनीच्या बसला जाता जाता ती मयुराला आमच्याकडे सोडायची. पहिला आठवडा मयुरा काहीच बोलली नाही. धावदोरा घाल म्हटलं की घालायची, उसव म्हटलं की उसवायची. मग एका सकाळी सुई कापडात खोचून तिनं विचारलं, "आजोबा, मले पौर्णिमेसाठी फ्रॉक शिवाचा आहे. पांढरा. जमन का मले?"

वैशाख पौर्णिमेला मयुराच्या घरची सगळी माणसं पांढरे कपडे घालून विहारात जातात. लहान-मोठे सगळेच.

"जमेल की," मी म्हटलं. "पांढरे ड्रेस तर मी हजारांनी शिवले आहेत."

हे खरंच होतं. बर्डीवरच्या बाजारातल्या एका गणवेशाच्या दुकानात मी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. शनिवारी कवायतीसाठी मुलं पांढरा गणवेश घालतात, तो शिवण्यात माझे किती जून महिने गेले त्याचा हिशेब नाही.

"तसा नाही पाहिजे जी," मयुरा म्हणाली.

"मंग कसा पाहिजे?"

उत्तर काजलनं दिलं. "पीटीचा दिसला नाही पाहिजे. मागच्या वर्षी हिच्या चुलत बहिणीनं, ते दीप्ती, तिकडं बेसाले राहते न, तिनं विहारात हिले विचारलं, आज शनिवार आहे का वं? सगळे हासले."

"सगळे नाही," मयुरा म्हणाली. "दोघी हासल्या."

तेवढ्यानंच मला कळलं की ही गोष्ट वर्षभर तिच्या मनात आहे. किती जण हसले ते तिनं मोजून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रीती स्वतः आली. हातात अडीच मीटर पांढरं सुती कापड. "काका, हे घ्या. पण एक सांगून ठेवते. हिनं चित्रकला सुरू केली, सोडली. कीबोर्ड सुरू केला, सोडला. म्हणून मी म्हटलं, कापड एकदाच आणीन. बिघडलं त मागच्या वर्षीचाच फ्रॉक घालाचा, ऐन वेळी दुकानात नाही न्यायचं मले. तिनं कबूल केलं आहे."

"केलं का गं?" मी मयुराला विचारलं.

"केलं," ती म्हणाली. कापडाची घडी तिनं तोवर आईच्या हातातून घेतलीसुद्धा होती.

पौर्णिमेला तेव्हा अकरा दिवस होते.

दुसऱ्या सकाळी मी माझा धुतलेला पांढरा रुमाल खिडकीपाशी धरला. "यावर काय दिसतं?"

"काहीच नाही," काजल म्हणाली. "डागबी नाही."

मग मी रुमालाला मधोमध एक बारीक घडी घातली, चिमटीत धरून तिच्या कडेनं चार टाके घातले आणि रुमाल पुन्हा उघडून धरला. खिडकीतून येणारा उजेड त्या उभ्या घडीला अडला आणि घडीच्या पलीकडे एक करडी रेघ उमटली. मी तिच्या शेजारी दुसरी घडी घातली, मग तिसरी. तीन रेघा झाल्या. रंगाचा ठिपका नाही, मणी नाही, लेस नाही, तरी रुमालावर काहीतरी काढल्यासारखं दिसू लागलं.

"याला टक्स म्हणतात," मी सांगितलं. "पांढऱ्यावर पांढरंच काम करायचं. कापड दुमडायचं, चुण्या घालायच्या, ओढायचं, गोळा करायचं. उजेडाला अडवलं की झालं."

मयुरानं रुमाल हातात घेऊन खिडकीत फिरवला. रेघा कधी जाड व्हायच्या, कधी पुसट. "गळ्यापासून कमरेपर्यंत घातले तर?" तिनं विचारलं.

"घाल."

"किती?"

"तू ठरव."

तिनं वहीत फ्रॉकचं चित्र काढलं. छातीवर उभे टक्स, कमरेला चुण्या आणि घेराच्या खाली सहा इंचांची झालर. झालर तिनं इतकी मन लावून काढली होती की बाकीचा फ्रॉक झालरीला अडकवल्यासारखा दिसत होता.

पुढचे काही दिवस आम्ही जुन्या वर्तमानपत्रांवर काम केलं. कागदाला पेन्सिलीनं रेघा मारायच्या, घड्या घालायच्या आणि मग मोजायचं. शिंपी इंचाचे आठ भाग करतात, एका भागाला सूत म्हणतात. मयुराला सूत हा शब्द आवडला. तिनं चोवीस टक्स ठरवले, प्रत्येक एक सुताचा. वर्तमानपत्राच्या कडेला तिनं गणित मांडलं. पुढचा भाग शिलाईसकट सतरा इंच हवा. टक्ससाठी चोवीस सूत, म्हणजे तीन इंच. सतरा आणि तीन, वीस. वीस इंच कापायचं.

माझ्यासमोर तिनं तो कागद धरला. मी पाहिला.

गणित चुकलं होतं. घडीला दोन बाजू असतात. एक सुताची घडी उभी राहायला दोन सूत कापड लागतं, म्हणजे चोवीस टक्सना तीन नाही, सहा इंच. हे मला एका नजरेत दिसलं, आणि मी म्हटलं, "करून बघ."

एवढंच. माझी ती रीतच आहे. मी दहा वर्षांचा असताना ज्या उस्तादांकडे शिकलो ते प्रत्येक चुकीला लाकडी पट्टी हातावर मारायचे. चूक होण्याआधीच मारायचे, म्हणजे चूक काय होती ते कधी कळायचंच नाही. तेव्हा ठरवलं होतं की आपण कुणाला शिकवलं तर मुलाला चुकू द्यायचं आणि कापडानं सांगेपर्यंत थांबायचं. कागदावर घड्या घातल्या की तो लहान भरेल, ती कपाळाला आठ्या घालेल, पुन्हा मोजेल आणि मग जन्मभर विसरणार नाही. अशी पुष्कळ मुलं माझ्याकडे शिकून गेली.

पण मयुरानं कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही.

"घरी शिवून राहिली," काजलनं बातमी आणली. "दार लावून बसते. मले म्हणे, पूर्ण झाल्यावर दाखवीन. आजोबाले सांगू नको म्हणे."

"मग मला काहून सांगतेस?"

"मले कोणी सांगू नको म्हटलं की पोटात दुखते जी."

मला तेव्हाच उठून मागच्या गल्लीत जायला हवं होतं. तेव्हाही मी म्हटलं, करू दे.

पाचव्या सकाळी मयुरा आली, प्रीतीच्या आधी धावत. पौर्णिमेला चार दिवस उरले होते. तिनं पिशवीतून फ्रॉकचा पुढचा भाग काढून माझ्या मांडीवर पसरला. चोवीस टक्स, सगळे हातानं घातलेले. टाके तांदळाच्या कणीएवढे. पहिले तीन-चार थोडे कललेले होते, पुढे मात्र हात बसत गेलेला दिसत होता, आणि शेवटचे दहा मला शिवता आले नसते इतके सरळ. तीन दिवस ती दुसरं काही करत नसावी.

"टक्स फार छान झालेत," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. मग टेप लावला. चौदा इंच.

मयुरानं टेपवरचा आकडा माझ्याआधी वाचला. "सतरा पाहिजे होतं."

"हो."

"मी वीस कापलं होतं जी. सतरा अन् तीन. तुम्ही पाह्यलं होतं न, कागदावर?"

"पाहिलं होतं."

"मंग ते चुकलं होतं?"

"हो."

तिनं टेपवरून नजर उचलली. "तुम्हाले तेव्हाच दिसलं?"

खोटं बोलता आलं असतं. डोळे कमजोर झालेत म्हटलं असतं तर तिनं मानलंही असतं. "दिसलं," मी म्हटलं.

"मंग सांगतलं काहून नाही?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच कारण हवं होतं. मी उस्तादांची, लाकडी पट्टीची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती गोष्ट माझ्या हातांची होती. इथं हात तिचे होते आणि कापडही तिचं.

आतून माझी बायको कौशल्या मूगवड्यांचं ताट घेऊन बाहेर निघाली होती, ती दारातच थांबली. "चुकू द्या, चुकू द्या. दर उन्हाळ्यात हेच ऐकून राहिली मी. भाजीत मीठ कमी असलं त तेव्हा बरं तोंड उघडते तुमचं."

काजल हसली. मयुरा हसली नाही. मीही नाही.

"अर्धे उसवून टाक न," काजल म्हणाली. "बारा राह्यले तरी छान दिसन."

उपाय बरोबर होता. बारा टक्स उसवले की तीन इंच परत मिळाले असते. मी कडेचा एक टक हलकेच उसवला आणि कापड ताणून धरलं. आत दोन निळ्या रेघा होत्या, पट्टी लावून मारलेल्या, शाळेच्या वहीत समास आखतात तशा.

"पेन?" मी विचारलं.

"पांढऱ्यावर खडू दिसतच नव्हता," मयुरा म्हणाली. "अन् रेघ त घडीच्या आतच जाते. कोणाले दिसते?"

बोलणं अगदी बरोबर होतं. शिवलेली घडी उसवावी लागेल असा विचार शिवताना कोण करतं? कौशल्यानं एका चिंधीवर तशीच रेघ मारून साबण लावून पाहिला, मग सॅनिटायझर लावून पाहिलं. शाई निघाली नाही, नुसती पसरली, आणि चिंधीवर फिकट निळा ढग उरला.

मयुरानं पुढचा भाग घडी केला. घडी करताना टक्स चेपू नयेत म्हणून तळहात खाली धरला होता, हे मी पाहिलं. "मागच्या वर्षीचा आहे न घरी," ती म्हणाली. "तो घालीन. कबूलच केलं होतं." आणि चपला शोधू लागली.

"बस जरा," मी म्हटलं. "एक उपाय आहे. पण या वेळी त्यात काय जाईल ते आधीच सांगतो."

ती बसली, चपला हातात घेऊन.

"दोन्ही काखेखाली एकेक पट्टी जोडायची. साधी नाही. सहा इंच रुंद कापड घ्यायचं, त्यावर ठिपके पाडायचे, आणि दोन-दोन ठिपके चिमटीत धरून टाक्यानं बांधत जायचं. सहा इंचाचं दोन इंच होतं आणि वर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं उठतात. स्मॉकिंग म्हणतात त्याला. ते ताणलं जातं, सोडलं की परत येतं. तू वंदनेला खाली वाकशील तेव्हा पाठीशी आवळणार नाही."

"अन् जाईन काय?"

"झालर. सहा इंची कापड झालरीचंच आहे. त्यातून दोन पट्ट्या काढल्या की झालरीला चुण्या पडणार नाहीत. खाली नुसती सरळ पट्टी लागेल."

तिनं वही काढली, चित्राचं पान उघडलं आणि झालरीवरून बोट फिरवलं. काजलनं काही बोलायला तोंड उघडलं, तेव्हा कौशल्यानं तिच्या तोंडात कच्ची मूगवडी कोंबली.

मग मयुरानं विचारलं, "पीटीच्या ड्रेसले झालर राहते का जी?"

"नाही."

"पोळं राहते?"

"चाळीस वर्षांत एकालाही लावलं नाही."

"मंग काढून टाका झालर." आणि लगेच म्हणाली, "नाही, द्या, मीच कापते."

तिनंच कापली. त्याआधी मी मोजलं, तिनं मोजलं, काजलनं मोजलं. तीनही वेळा एकच आकडा आला.

"पण दोन बाजू अन् तीन दिवस," मयुरा म्हणाली. "बाकीचंबी जोडाचं आहे. माह्याच्यानं नाही होणार."

"एक बाजू मी करतो."

"तुम्ही त म्हणता, मी पोरायच्या कामाले हात लावत नाही," काजल म्हणाली. वडी गिळून झाली होती.

"आता लावतो," मी म्हटलं.

ठिपके पाडायला मी पुठ्ठ्याला एकसारखी भोकं पाडली आणि अगदी पुसट पेन्सिल वापरली, धुतल्यावर जाईल अशी. मग आम्ही दोघं कूलरपुढे समोरासमोर बसलो. मी तिला पहिली ओळ करून दाखवली. पहिला आणि दुसरा ठिपका जवळ आणायचा, दोन टाके, मग सुई कापडाच्या आतून खाली. खालच्या ओळीत दुसरा आणि तिसरा. असं एकाआड एक. चार ओळींनी पहिलं घर उघडतं. तिच्या पट्टीत ते उघडलं तेव्हा ती "आं" म्हणाली आणि बोटानं दाबून पाहू लागली.

इथं एक कबूल केलं पाहिजे. माझी चाळीस वर्षं मशीनवर गेली. गणवेशाला हाताचे टाके कोण घालतं? बटणंसुद्धा शेवटी मशीनच लावू लागली. स्मॉकिंग मला येत होतं ते शिकताना दोन-चार झबल्यांवर केलं होतं तेवढंच. मयुराचा हात मात्र तीन दिवस टक्स घालून तयार झालेला होता. ती माझ्यापुढे दोन ओळी गेली.

"आजोबा," ती म्हणाली.

"काय गं?"

"तुमचा ठिपका चुकला. तिसरा अन् चौथा धरून राहिले तुम्ही. दुसरा अन् तिसरा पाहिजे होता."

मी पाहिलं. चुकला होता. एक टाका उसवून सुधारला. तिनं थांबून वाट पाहिली असती तर सहा ओळी उसवाव्या लागल्या असत्या. मी तसं म्हणालो.

"मंग? म्हणून त सांगतलं," ती म्हणाली. तिनं हे मला टोमणा म्हणून म्हटलं नाही. ते तिला इतकं साधं वाटत होतं की त्यात टोमणा मारण्यासारखं काही नव्हतंच. पण आत कौशल्याचा हसण्याचा आवाज मला ऐकू आला.

दिवसभरात तिनं मला आणखी तीनदा टोकलं. "टाका ढिला आहे जी." "दोरा संपत आला, आतापासूनच गाठ मारा." "चश्मा पुसा." प्रत्येक वेळी ती बरोबर होती, आणि प्रत्येक वेळी मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, याचं नवल वाटत राहिलं. पट्टी हातावर बसणं आणि वेळेवर शब्द कानावर येणं, या दोन गोष्टी मी साठ वर्षं एकच समजून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. तिची घरं एकसारखी, माझी कुठं रुंद, कुठं चपटी, आणि खालच्या कोपऱ्यात एक घर तर नुसतंच तिरपं.

"वेळ आहे," मी म्हटलं. "माझी मी उसवून पुन्हा करतो."

मयुरानं माझी पट्टी उचलली, ओढली, सोडली, उलटी करून गाठी पाहिल्या. आमच्या दुकानाचे मालक माल असाच पाहायचे. "राहू द्या आजोबा," ती म्हणाली. "काखेखाली जाते. अन् ताणते चांगली." मग विचार करून म्हणाली, "पण डावीकडं लावू. दीप्ती माह्या उजव्या बाजूले बसते."

त्या संध्याकाळी पायमशीनवर सगळं जोडलं. पाय माझे, कापड धरायला हात तिचे. प्रीती बसवरून थेट आली तेव्हा मयुरा फ्रॉक घालून ओसरीवर उभी होती. प्रीतीनं पिशवी खाली ठेवली. टक्सवरून हात फिरवला, बाजूच्या पोळ्यात बोट घातलं, खाली पाहिलं. "झालर लावाची होती न वं तुले?"

"काढली," मयुरा म्हणाली. "मीच काढली. गणित चुकलं होतं माहं. अन् आजोबाचंबी."

"तुमचंही?" प्रीतीनं माझ्याकडे पाहिलं.

"माझंच जास्त," मी म्हटलं.

पौर्णिमेच्या सकाळी प्रीतीनं मला आणि कौशल्याला विहारात बोलावलं. आम्ही मागच्या रांगेत बसलो. पुढे पांढऱ्या कपड्यांची माणसंच माणसं, वर पंखे, खिडक्यांतून सकाळचा तिरपा उजेड. मयुरा तिसऱ्या रांगेत होती आणि उजवीकडे तिच्यापेक्षा उंच एक मुलगी. काजलनं केलेल्या वर्णनावरून ती दीप्ती. वंदना सुरू झाली. सगळे गुडघे टेकून खाली वाकले, कोपर जमिनीला, कपाळ जमिनीला. मी वाकलो नाही, कारण मला पाहायचं होतं. मयुराच्या बरगड्यांवरची पोळ्याची घरं पंख्यासारखी उघडली, ती उठली तशी मिटली. तीनदा उघडली, तीनदा मिटली. एकही टाका तुटला नाही. कौशल्यानं मला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाली, "वाका आता, का टाकेच मोजून राहाल?"

वंदनेनंतर खीर वाटप होतं. मी खांबाशी द्रोण घेऊन उभा होतो, तेव्हा दोघी माझ्यापासून चार हातांवर आल्या. मयुरानं मला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. पुढं काय होतं ते तिलाही बघायचं होतं.

दीप्ती फ्रॉककडे बघत होती. छातीवरच्या रेघांकडे, मग बाजूला. मी खीर खायचा थांबलो.

"कुठून घेतला वं?" दीप्तीनं विचारलं.

"शिवला."

"कोणाजवळून?"

"मीच शिवला. हे पाह्य, हे चोवीस आहेत. हे मी केलं. अन् ही डावी बाजू आहे न, ही वाकडी, ही माह्या आजोबानं केली. त्यायचा हात मशीनवरचा आहे, म्हणून."

दीप्तीनं माझ्या कामाकडे पाहिलं, मग खांबाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग तिचं बोट गेलं उजव्या बाजूच्या पोळ्यात. तिनं ते ओढून पाहिलं, सोडून पाहिलं. पुन्हा ओढलं.

"मले घालून पाहू देशीन?"

"घरी गेल्यावर."

"मले होईन का पण? मी मोठी आहो तुह्यापेक्षा."

"होईन," मयुरा म्हणाली. "ताणते ते. पण आधी हात धू. तुह्या हाताले खीर लागली."

दीप्ती खरंच नळाकडे जाऊन हात धुऊन आली. मग दोघी दुसऱ्यांदा खिरीच्या रांगेत लागल्या. मयुरा पुढे होती, द्रोण दोन्ही हातांत सांभाळून धरलेला, आणि दीप्ती तिच्या मागे. रांग पुढे सरकत होती आणि दीप्तीचं ओलं बोट पोळ्याच्या एका घरातून दुसऱ्या घरात जात होतं.